पथ्याचा कागद कोणत्या मराठीत लिहायचा?

रक्तातली साखर तपासायची म्हणून ‘उद्या सकाळी उपाशी या’ असे सांगून पेशंटला घरी पाठवले, की घरी पोचेपर्यंत तो निरोप पुष्कळदा ‘उद्या उपास करून या’ असा झालेला असतो. आणि उपास म्हटला की फराळ आलाच. सकाळी वाटीभर भगर किंवा साबुदाणा, वर अर्धा कप चहा, आणि मग माणूस रक्त द्यायला हजर. लॅबमध्ये विचारतात, ‘काही खाल्लं का?’ उत्तर ठरलेले असते: ‘न्हाई, उपास हाय की.’

हा माणूस खोटे बोलत नाही. त्याच्या भाषेत भाकर, भाजी, भात पोटात गेले तर ते खाणे. उपासाचे घेतले तर तो फराळ. पुण्याच्या माणसाला फराळ म्हटले की चकली, करंजी आणि दिवाळी आठवते. बीड जिल्ह्यात फराळ म्हणजे आधी एकादशी. शब्द एकच, पण त्यामागचे ताट वेगळे.

याचा परिणाम रिपोर्टवर होतो. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा त्यापुढे मधुमेह, असे आम्ही मानतो. हे आकडे किमान आठ तास काहीही न खाता-पिता (साधे पाणी सोडून) दिलेल्या रक्तासाठी आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. तो खाऊन तासाभरात रक्त दिले तर मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर १४०-१५० दिसू शकते. मग निरोगी माणूस मधुमेही ठरतो, आणि आधीच गोळ्या चालू असतील तर त्या विनाकारण वाढतात. वाढलेल्या गोळीने पुढच्या आठवड्यात साखर एकदम खाली जाते आणि पेशंट घामाघूम होऊन शेतात पडतो. एका शब्दापायी एवढे होऊ शकते, म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगतो. खाण्यापिण्याच्या शब्दांतला फरक ही गंमत म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. व्हॉट्सअॅपवर ‘पोळी की चपाती’ यावर भांडणे चालतात ती चालू द्या. पण दवाखान्यात हा फरक औषधाच्या डोसाइतका महत्त्वाचा आहे, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी पेशंटची नसून आम्हा डॉक्टरांची आहे.

आपले शब्द आले कुठून

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याआधी कित्येक पिढ्या इथल्या माणसाचा बाजार, कचेरी, कोर्ट सगळे हैदराबादकडे तोंड करून होते. साहजिकच दख्खनी, उर्दू आणि तेलुगूतले शब्द स्वयंपाकघरात येऊन बसले. आपण टरबूज म्हणतो, पुणे-मुंबईकडे कलिंगड. जुनी माणसे पेरूला जांब म्हणतात. हैदराबादकडेही पेरूला जामच म्हणतात. कोकणातल्या माणसाला मात्र जांब किंवा जाम म्हटले की पांढरे, पाणीदार असे वेगळेच फळ आठवते. अळूच्या पानांना मराठवाड्यात चमकुरा म्हणतात. तेलुगूत अळूची भाजी म्हणजे ‘चामकूर’. पुण्यात शिकून आलेल्या डॉक्टरला चमकुरा ही काय वनस्पती आहे हे सांगता येणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

काही जण या शब्दांना ‘अशुद्ध’ म्हणतात. अशा वेळी मला नेहमी वाटते की मराठीचा आद्यकवी मानला जाणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईला आहे. मराठी कोणाची आणि शुद्ध कोणती, हे आपल्याला बाहेरून येऊन शिकवायची तशी गरज नाही. असो.

नाष्टा, न्याहारी, चहापाणी

मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, खाण्याच्या थोड्या आधी किंवा खाण्यासोबत घ्यायच्या असतात. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘सकाळी नाष्ट्याआधी एक’. लिहिणाऱ्याच्या मनात पोहे, उपमा, दोन पोळ्या असे काहीतरी असते. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ‘नाष्टा’ म्हणजे चहा आणि त्यात बुडवून दोन खारी किंवा टोस्ट. खरे पोटभर खाणे म्हणजे न्याहारी. ती शेतात, नऊ-दहाच्या सुमाराला, कधी अकरालाही. गोळी सातला घेतली, चहा प्यायला, बांधावर गेला, आणि न्याहारी घेऊन येणारी सून उशिरा आली. मधल्या वेळात हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलण्यात गडबड. साखर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणे आहेत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि मग भाकर खायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

ऊसतोडीला जाणाऱ्या पेशंटच्या बाबतीत तर हे आणखी कठीण. टोळी पहाटे फडात उतरते. भाकरी रात्रीच थापून ठेवलेल्या असतात, कुणी पहाटे चारला खाते, कुणी गाडी भरून झाल्यावर. त्याला ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘रात्री’ हे शब्दच लागू होत नाहीत. अशा माणसाला विचारायचे ते एवढेच: ‘दिवसातली पहिली भाकर कधी पोटात जाते?’ गोळी त्या भाकरीला बांधायची, घड्याळाला नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या बोलीतला शब्द पुस्तकी शब्दापेक्षा अचूक असतो, असेही होते. थायरॉइडची गोळी ‘रिकाम्या पोटी’ घ्या असे लिहिलेले असते. पोट तर दुपारी चारलाही रिकामे असते! आपल्याकडे ‘अनशापोटी’ असा सुंदर शब्द आहे. म्हणजे सकाळी उठल्यावर तोंडात काहीही जाण्याआधी. थायरॉइडच्या गोळीसाठी नेमके हेच हवे असते. नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, कारण चहा-कॉफीने ही गोळी कमी शोषली जाते. ‘अनशापोटी’ म्हटले की आजीला एका शब्दात कळते. चिठ्ठीवर हाच शब्द का छापू नये?

‘पाणी कमी प्या’ म्हणजे काय कमी करायचे

हृदयाची ताकद कमी झालेल्या किंवा किडनी निकामी होत चाललेल्या पेशंटला आम्ही सांगतो, ‘पाणी कमी प्या, दिवसाला दीड लिटरच्या वर नको.’ पेशंट इमानदारीने पाणी कमी करतो. तांब्याला हातसुद्धा लावत नाही. आणि तरी पायावर सूज, रात्री दम, वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलेले. मग घरचे म्हणतात, ‘साहेब, पाणी तर पीतच न्हाईत.’

खरे असते. पण ताटात काय काय आहे ते विचारा. आपले जेवण भाकरीभोवती फिरते, आणि कोरडी भाकर घशाखाली उतरत नाही. तिच्याबरोबर लागते ते ‘कोरड्यास’. या शब्दाची मला फार मौज वाटते. कोरड्या भाकरीला म्हणून जे केले ते कोरड्यास. मग ती पातळ आमटी असो, कालवण असो, पिठलं असो. ‘आज कोरड्यास काय केलंय?’ या प्रश्नात ‘कोरडे’ ऐकून बाहेरचा माणूस सुकी भाजी समजेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो पातळ पदार्थ असतो, आणि भाकर त्यात कुस्करून खायची पद्धत आहे. एका जेवणात असे दोन-तीन वाट्या पातळ सहज पोटात जाते. पुन्हा ताक, कढी, हुलग्याचं माडगं, आंबील, दिवसातले चार चहा. आणि दर गोळीमागे गिलासभर पाणी! हे सगळे मिळून लिटर कधी ओलांडतो ते कळत नाही.

त्यामुळे ‘पाणी कमी’ हा सल्ला आपल्याकडे अपुरा आहे. सांगायचे असे: ‘जे जे ओतता येतं ते सगळं पाण्यात धरा.’ ताक ओतता येते, आमटी ओतता येते, चहा ओतता येतो. सकाळी एक लिटरची बाटली आणि एक अर्ध्या लिटरची, अशा दोन बाटल्या भरून ठेवा. जेवढी आमटी, ताक, चहा घेतला, तेवढे पाणी बाटलीतून काढून झाडाला घाला. बाटल्या संपल्या की त्या दिवसाचा कोटा संपला. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, अनशापोटी, वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, पाणी असते. डॉक्टरांना फोन करा. किती लिटर हे मात्र प्रत्येकाचे वेगळे असते, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या धडधाकट माणसाने हा परिच्छेद वाचून पाणी कमी करू नये. त्याला भरपूर पाणी लागते.

छापील कागदावरची नावे

आता पथ्याच्या कागदाकडे येतो. बहुतेक दवाखान्यांत जो मराठी कागद मिळतो तो पुण्या-मुंबईकडे तयार झालेला असतो, नाहीतर इंग्रजीवरून उतरवलेला. त्यात ‘मिड मॉर्निंग स्नॅक’ असा एक रकाना असतो. आपल्याकडे मिड मॉर्निंगला माणूस खुरपणी करत असतो.

मुतखड्याच्या कागदावर ‘अळू, पालक टाळा’ असे असते, कारण त्यात ऑक्झलेट भरपूर असते. पेशंट पालक सोडतो आणि चमकुऱ्याच्या वड्या खात राहतो. अळू आपण खातच नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

मधुमेहाच्या कागदावर ‘लापशी चालेल’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. लिहिणाऱ्याला अभिप्रेत आहे दलिया, म्हणजे भरडलेल्या गव्हाचा भाज्या घालून केलेला तिखटमिठाचा प्रकार. मराठवाड्यात लापशी म्हणजे गुळाची, तुपाची, गावच्या भंडाऱ्याला पंगतीत वाढतात ती. डॉक्टरांनीच लिहून दिले आहे म्हटल्यावर ती कोण सोडेल? त्यातून गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी ठाम समजूत. गुळात बहुतांश साखरच असते. थोडे लोह आणि क्षार असतात म्हणून रक्तातली साखर त्याला वेगळी वागणूक देत नाही. पुरणाच्या पोळीवर ओतलेली गुळवणी ‘पाण्यासारखी तर असते’ म्हणून दोनदा घेतली जाते, तिचेही तेच.

‘डांगर’ या शब्दाची तर दोन टोके आहेत. आपल्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा, कुणी काशीफळही म्हणतात. पुण्याच्या घरात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा, दह्यात कालवून खायचा प्रकार. किडनीच्या पेशंटला भाज्या मोजून खाव्या लागतात. कारण किडनी मंदावली की भाज्या-फळांतले पोटॅशियम रक्तात साठते आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याने फोनवर ‘डांगर खाऊ का?’ विचारले आणि पलीकडच्या आहारतज्ज्ञाला उडदाचे पीठ दिसले, तर दिलेले उत्तर चुकीच्या पदार्थाचे असेल. विदर्भात, आणि मराठवाड्याच्या काही भागांत, साबुदाण्याच्या खिचडीलाही ‘उसळ’ म्हणतात. अशा घरात ‘रोज वाटीभर उसळ खा’ हा प्रथिनांसाठी दिलेला सल्ला साबुदाण्यावर जाऊन पडतो, ज्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच.

रक्तदाबाच्या कागदावर ‘पापड, लोणचे बंद’ ही ओळ हमखास असते. पेशंट म्हणतो, दोन्ही बंद केले. खारोड्या? त्या काही पापड नाहीत. कुरडया, सांडगे, रोजचा ठेचा, भाकरीवरची शेंगदाण्याची चटणी, मीठ घातलेले ताक? कागदावर नाहीत, म्हणजे चालतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तो सपाट भरलेला चहाचा एक चमचा झाला, आणि त्यात स्वयंपाकातले, चटणीतले, फरसाणातले सगळे मीठ धरायचे. आपल्याकडे कागदावर खारोड्या आणि ठेचा ही नावे पापडाच्याही आधी हवीत. उपासाचे सैंधव मीठ हेही मीठच आहे, तेही याच चमच्यात मोजा.

आणि मग २०२३ साल आले. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले. पोस्टरवर ‘मिलेट खा’, अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’. त्या वर्षी ‘साहेब, हे मिलेट कुठं भेटतंय, लई महाग हाय का?’ असे विचारणारी माणसे दवाखान्यात भेटली, जी जन्मापासून बाजरीची आणि जवारीची भाकर खात आली आहेत. त्यांच्याच ताटातले धान्य त्यांना परक्या नावाने विकायला काढल्यावर ती गोंधळणारच. तुमची बाजरी, जवारी, नाचणी म्हणजेच मिलेट. मॉलमधल्या पाकिटाची गरज नाही. मात्र बाजरीची भाकर म्हणजे साखर वाढतच नाही, हेही खरे नाही. बाजरी, ज्वारी, गहू यांच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. भाकरीत चोथा जास्त आणि ती पचायला वेळ घेते, हा फायदा आहे. पण आपल्याकडची एक भाकर शहरातल्या दोन-तीन फुलक्यांइतकी असते. ‘दोन पोळ्या’ ऐकून ‘दोन भाकरी’ खाल्ल्या तर हिशेब चुकला. इथेही बोलीची मदत घ्यावी: चतकोर, अर्धी, पाऊण. हे शब्द ग्रॅमपेक्षा लवकर कळतात.

भगर

भगरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे शब्दाचा प्रश्न थेट विषबाधेपर्यंत जातो. आपण भगर म्हणतो तिला पुण्याकडे आणि कोकणात वरई किंवा वरीचे तांदूळ म्हणतात, गुजरातीत मोरैयो, हिंदीत समा के चावल. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्र आले की मराठवाड्यात भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात. नीट न वाळलेल्या किंवा दमट जागी ठेवलेल्या भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषारी द्रव्ये तयार करते. शिजवल्याने ती सगळी नष्ट होतील याचा भरवसा नाही. खाल्ल्यावर काही तासांत मळमळ, उलट्या, चक्कर, डोके दुखणे, जुलाब आणि कधी कधी अंग थरथरणे सुरू होते. अन्न व औषध प्रशासनही सणांच्या आधी याबद्दल सूचना काढते: सुटी भगर घेऊ नका, बंद पाकिटातली, तारीख पाहून घ्या, निवडून, स्वच्छ करून कोरड्या डब्यात ठेवा, भगरीचे पीठ दळून साठवू नका, ते हवेतला ओलावा पटकन ओढते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, एकादशीच्या दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडी इथे महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना एकदम त्रास झाला होता. अशा गर्दीत, रात्री, ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला पहिला प्रश्न विचारायचा असतो: सगळ्यांनी मिळून काय खाल्ले? तो डॉक्टर रत्नागिरीचा असेल आणि ‘वरीचे तांदूळ होते का?’ असे विचारेल, तर ‘न्हाई, भात कुठं, उपास व्हता’ असे उत्तर मिळेल आणि धागा तिथेच तुटेल.

तांब्या, वाटी, भगुलं

शब्दांइतकाच घोळ मापांचा आहे. ढाळ-वांती झालेल्या लेकराला जलसंजीवनीचे पाकीट देताना ‘एक लिटर पाण्यात’ असे सांगतात. ही पाकिटे दोन प्रकारची मिळतात, मोठे एक लिटरचे आणि लहान २०० मिलिलिटरचे. घरात लिटरचे माप नसते. असतो तांब्या, पण तांब्या लहानमोठा असतो. मोठे पाकीट गिलासभर पाण्यात घातले तर मिठाचे प्रमाण इतके वाढते की लहान लेकराला ते घातक ठरू शकते. भगुलंभर पाण्यात घातले तर उपयोग होत नाही. (पुण्याचे पातेले, मुंबईचा टोप, आपले भगुलं!) सोपा उपाय म्हणजे बाजारातली पाण्याची एक लिटरची बाटली. ती धुऊन घरात ठेवा. मोठे पाकीट पूर्ण त्या एका बाटलीत. पाकीट नसेल तर बाटलीभर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्या.

तान्ह्या बाळाच्या आईला विचारतात, ‘वरचं काही देता का?’ ती नाही म्हणते. वरचं म्हणजे वरचे दूध, गाईम्हशीचे. घुटी, मध, साखरेचे पाणी हे तिच्या लेखी ‘वरचं’ नसते, ती रीत असते. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नको, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको. हे नावे घेऊनच सांगावे लागते.

मग करायचे काय

कुणी म्हणेल, बीडच्या बोलीत कागद छापा, प्रश्न मिटला. तेवढे सोपे नाही. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. आष्टीची बोली अहिल्यानगरकडे झुकते, अंबाजोगाई-परळीची लातूरकडे. बीड शहरातल्या मुस्लिम घरात कालवणाला सालन म्हणतात, बंजारा तांड्यावर भाकरीला बाटी. ऊसतोडीहून परतलेला माणूस कोल्हापूर-सांगलीचे चार शब्द घेऊन येतो; तिकडे ‘चटणी’ म्हणजे लाल तिखटाचा मसाला. असा एकच कागद काढला तर तो पुन्हा कुणाला तरी परका होणारच.

दुसरे कुणी म्हणेल, सगळ्यांनी प्रमाण मराठी शिकावी. शाळेत जरूर शिकावी. पण सत्तर वर्षांच्या, दम लागलेल्या मावशींना दवाखान्यात शब्दकोश शिकवणे हे माझे काम नाही. त्यांना काय म्हणायचे आहे हे समजून घेणे हे माझे काम आहे.

म्हणून माझा आग्रह कागदापेक्षा प्रश्नाबद्दल आहे. ‘आहार कसा आहे?’ असे विचारले की ‘चांगला आहे’ एवढेच उत्तर येते. ‘मांसाहार करता का?’ याला शांतता. ‘वशाट खाता का?’ याला लगेच उत्तर. सगळ्यात उपयोगी प्रश्न मला हा वाटतो: ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, सांगा.’ खाणे, पिणे, फराळ, चहापाणी, घुटी, मिश्री हे सगळे वेगवेगळे शब्द ‘तोंडात गेलं’ या एका वाक्यात बसतात. मिश्री लावणारी बाई ‘तंबाखू खाता का?’ याला नाहीच म्हणणार, कारण ती तंबाखू खात नाही, लावते. तोंडाच्या कर्करोगाला मात्र हा फरक कळत नाही.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या सगळ्या भागांतून मुले शिकायला येतात. तिथे आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नव्या डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात एक तास या शब्दांसाठी द्यावा, असे मला वाटते. शिकवायला प्राध्यापक नको, गावातली अनुभवी आशाताई पुरे. तिला दोन्ही भाषा येतात, दवाखान्याची आणि चुलीजवळची. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे, गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून. भाषेच्या अभ्यासकांसाठी झालेले हे काम डॉक्टरांनीही उघडून पाहण्यासारखे आहे. आणि पथ्याचा नवा कागद छापायला टाकण्याआधी तो आशाताईंकडून दोन पेशंटना वाचून दाखवावा. कुठे कपाळाला आठी पडते ते पाहावे. याला काही खर्च येत नाही.

तुमच्याकडूनही थोडी मदत हवी. डॉक्टरांपुढे शहरी शब्द शोधत बसू नका, घरात म्हणता तेच म्हणा. डॉक्टरांनी सांगितलेला पदार्थ ओळखीचा नसेल तर ‘म्हंजी कोणतं?’ असे विचारायला लाजू नका. शंका असलेल्या भाजीचा, पाकिटाचा किंवा रोजच्या वाटीचा मोबाइलवर फोटो काढून आणा. जमल्यास वाटीच आणा, मी तिच्यात पाणी मोजून देतो.

अशा शब्दांची एक वही मी टेबलावर ठेवली आहे. गेवराई, माजलगाव, केज, धारूरचे बरेच शब्द जमले आहेत, वडवणी आणि शिरूर कासारचे कमी आहेत. आष्टी आणि पाटोद्याकडच्या वाचकांनी पुढच्या वेळी येताना एक गोष्ट जरूर सांगावी: तुमच्याकडे लापशी म्हटली की ती गोडच असते, की तिखटाचीही करतात?